मशीन नंतर घ्या, आधी पोतं उघडा



दोनेक महिन्यांपूर्वी सोलापूरहून एका ताईंचा फोन आला. आवाजात घाई होती. "सर, साडेअकरा लाखांचं मशीन आहे. एका बाजूनं चिंध्या टाकायच्या, दुसऱ्या बाजूनं कापूस बाहेर. त्या कापसाचं परत सूत होतं म्हणे. मिस्टरांचे व्हीआरएसचे पैसे आलेत, बाकीचं बँक द्यायला तयार आहे. मशीनवाला म्हणतो, आता सगळ्या जगाला सस्टेनेबल कपडा पाहिजे, वर्षात पैसे वसूल. सोमवारी टोकन द्यायचंय. देऊ का?"

मी विचारलं, "ताई, चिंध्या कुठल्या?"

"इथं युनिफॉर्म शिवणारे कारखाने काय कमी आहेत का सर? पोती भरभरून मिळतात."

"आणि तो कापूस घेणार कोण?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ते मशीनवाला बघून देतो म्हणालाय."

बघा, असे फोन मला महिन्याला चार-पाच तरी येतात. कुणाला केळीच्या खोडाचा धागा काढायचाय, कुणाला प्लास्टिकच्या बाटल्यांपासून टी-शर्ट करायचाय. उत्साह खोटा नसतो, पैसा मात्र घरचा असतो. त्या ताईंना मी फोनवर जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे नीट लिहून ठेवतो. जगात हा धंदा कुठे चालला, कुठे आपटला आणि का, हे कळलं की मशीनवाल्याला काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

सुरुवात बोहारणीपासून करू. लहानपणी दारात यायची ना? जुन्या साड्या, शर्ट घ्यायची आणि स्टीलचं पातेलं द्यायची. आई म्हणायची, "एवढ्या चार साड्यांना एवढंसं पातेलं?" बोहारीण साडी हातात घेऊन उलगडायची, काठ बघायची, उजेडात धरून विरलीय का तपासायची, आणि बोटांत चुरून सांगायची, ही सुती, ही नायलॉन, ही मला नको. तिच्याकडे मशीन नव्हतं. तिचा धंदा तिच्या बोटांत होता. हे लक्षात ठेवा, कारण आता आपण इटलीला जातोय आणि तिथेही हीच बोटं भेटणार आहेत.

प्रातो: चिंध्यांवर उभं राहिलेलं शहर

जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या फाडून, पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढायची युक्ती इंग्लंडची. यॉर्कशायरमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने १८१३ च्या सुमारास ती सुरू केली असं मानतात. त्या मालाला 'शॉडी' म्हणायचे. आज इंग्रजीत हलक्या, भिकार कामाला शॉडी म्हणतात, तो शब्द इथूनच पसरला. म्हणजे पहिल्या दिवसापासून या मालाच्या कपाळावर 'हलका' असा शिक्का.

हा शिक्का पुसून दाखवला तो प्रातोने. फ्लॉरेन्सच्या शेजारचं हे शहर. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जुन्या लोकरी कपड्यांपासून नवं कापड करायचं काम चालतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर बाहेरदेशांतून जुन्या कपड्यांच्या गासड्याच्या गासड्या तिथे उतरायच्या. स्वेटर, कोट, शाली, मफलर, सगळं एकत्र कोंबलेलं.

आता या गासडीचं पहिलं काम कोण करायचं? चेंचायोलो. इटालियन भाषेत चिंधीला 'चेंचो' म्हणतात, त्यावरून चेंचायोलो म्हणजे चिंध्या निवडणारा. ढिगाऱ्यासमोर बसायचं, एकेक कपडा उचलायचा, अस्तर, बटण, चेन काढून टाकायची आणि बोटांनी चाचपून ठरवायचं की ही मेंढीची लोकर, हे कश्मिरी, यात नायलॉन मिसळलंय. मग रंगाप्रमाणे ढीग. निळा म्हणजे नुसता निळा नाही, त्यात गडद निळा, आकाशी, जांभळ्याकडे झुकणारा निळा असे पोटढीग. हे कसब यायला वर्षं लागतात.

एवढी रंगांची चिकित्सा कशासाठी? इथे धंद्याची खरी गोम आहे. लाल चिंध्या वेगळ्या ठेवल्या तर त्यांचं सूत लालच निघतं. दोन-तीन छटांचे तंतू मोजून मिसळले की गिऱ्हाइकाला हवी ती छटा मिळते, आणि मग रंगवायची गरजच पडत नाही. रंगाई नाही म्हणजे रंगाचा खर्च नाही, त्यासाठी पाणी तापवायला इंधन नाही, रंगीत सांडपाणी नाही. आज कंपन्या ज्याला 'इको-फ्रेंडली' म्हणून जाहिरात करतात, ते प्रातोच्या लोकांनी खर्च वाचवायला केलं होतं. पर्यावरण वाचलं ते त्याबरोबर. मला स्वतःला हा क्रम फार आवडतो. जिथे खर्च वाचतो तिथे सस्टेनेबिलिटी टिकते, नुसत्या भाषणावर ती टिकत नाही.

लोकरीत सुती धागा शिरला असेल तर तो काढायलाही त्यांच्याकडे युक्ती आहे, तिला कार्बनायझिंग म्हणतात. आम्लाने सुती भाग जाळून भुगा करायचा, लोकरीला धक्का लागत नाही, भुगा झटकून टाकायचा. रसायनशास्त्र साधंच, पण हे काम निवड झाल्यावरचं. निवड चुकली तर आम्लही वाचवत नाही.

प्रातोची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे एक माणूस असायचा, त्याला म्हणायचे इंपान्नातोरे. याच्याकडे ना माग, ना सूतगिरणी. तो काय करायचा? बाजारात फिरून पुढच्या हंगामात कसलं कापड चालेल ते हेरायचा, नमुने करून घ्यायचा, ऑर्डर आणायचा आणि मग सूत एका छोट्या कारखान्यात, विणकाम दुसऱ्याकडे, फिनिशिंग तिसऱ्याकडे वाटून द्यायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या गिरण्या अडचणीत आल्या तेव्हा पुष्कळ कामगारांनी माग घेऊन स्वतःचे छोटे कारखाने काढले. हजारो छोटे कारखाने, प्रत्येकाचं एकच काम, आणि सगळ्यांना बांधून ठेवणारा हा बिनमशीनचा माणूस. ऑर्डर त्याच्या हातात असायची, म्हणून माग चालायचे.

आपल्याकडे मात्र उद्योजक म्हटलं की डोळ्यासमोर आधी शेड आणि मशीन येतं. उद्घाटनाला नारळ फोडायला काहीतरी लोखंडाचं पाहिजेच असतं आपल्याला!

प्रातोने पुढे काळाप्रमाणे एक पाऊल टाकलं. या पुनर्वापराच्या कापडासाठी 'कार्दातो रिसायकल्ड' असं चिन्ह काढलं. त्याची अट अशी की माल त्या भागात बनलेला हवा, त्यात किमान ६५ टक्के माल पुनर्वापराचा हवा आणि पाणी, वीज, कार्बन यांचा हिशेब मोजलेला हवा. दीडशे वर्षं जे लपवायचे, कारण जुन्या चिंध्यांचा कोट म्हटल्यावर भाव पडायचा, तेच आता छाती ठोकून सांगतात.

पण प्रातो म्हणजे काही पंढरपूर नव्हे. त्याच शहरात स्वस्त, झटपट कपड्यांचे कारखानेही वाढले, बरेचसे चिनी स्थलांतरितांचे. १ डिसेंबर २०१३ ला अशा एका कारखान्याला आग लागली आणि ७ कामगार गेले. ते कारखान्यातच राहत, झोपत होते. तेव्हा 'मेड इन इटली'च्या चिठ्ठीवरून सगळं ओळखता येतं असं समजू नका.

पानिपत आणि स्वीडन

आपल्या देशात हेच काम पानिपतला चालतं. जगभरातून जुने लोकरी कपडे येतात, कुणी घालू नयेत म्हणून कापलेले, आणि त्यांची शॉडी ब्लँकेटं होतात. पूर, भूकंप, युद्ध कुठेही झालं की मदत संस्था वाटायच्या ती जाड, करड्या रंगाची ब्लँकेटं बरीचशी इथली. वर्षानुवर्षं हा धंदा जोरात होता. मग चीनहून पॉलिस्टरची फ्लीस ब्लँकेटं आली. वजनाला हलकी, मऊ, धुतली की पटकन वाळणारी आणि स्वस्त. पानिपतच्या अनेक कारखानदारांनी काय केलं? त्यांनी स्वतःच फ्लीस बनवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला ऊब पाहिजे होती आणि मऊपणा पाहिजे होता. ते ब्लँकेट जुन्या कोटापासून झालंय हे कौतुक त्याच्या बजेटमध्ये बसत नव्हतं. शिवाय पिंजण्याच्या खात्यातली धूळ कामगारांच्या छातीत जाते, तो हिशेब कुणी ब्लँकेटच्या किमतीत धरत नाही. तुम्ही या धंद्यात उतरलात तर मास्क आणि धूळ ओढणारा पंखा पहिल्या दिवसाच्या खर्चात धरा.

आता नव्या तंत्रज्ञानाकडे. मशीनवाले हल्ली युरोपचे व्हिडिओ दाखवतात, म्हणून युरोपचीच गोष्ट सांगतो.

स्वीडनमध्ये २०१२ मध्ये रीन्यूसेल नावाची कंपनी निघाली. सुती जीन्स, टी-शर्ट रसायनात विरघळवून त्यांचा पल्प करायचा, त्या पल्पपासून व्हिस्कोससारखा नवा तंतू. चिंधी नुसती फाडली तर तंतू तुटून आखूड होतो, इथे मात्र तंतू नव्याने तयार होतो, म्हणून दर्जा पडत नाही. कल्पना खरोखर चांगली. त्या मालाचं नाव ठेवलं सर्क्युलोज. एचअँडएमसारख्या ब्रँडने पैसे घातले. सुंड्सवाल गावात जुन्या कागद कारखान्याच्या जागेत वर्षाला ६० हजार टनांचा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. पेपरवाल्यांनी, प्रदर्शनवाल्यांनी डोक्यावर घेतलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

तंत्र फसलं नव्हतं. माल बनत होता. पण ऑर्डर पुरेशा आल्या नाहीत. कारण समजून घ्या, कारण तुमच्या गावातसुद्धा हेच होणार आहे. 'आम्हाला तुमचा माल आवडला' असं म्हणणारा होता ब्रँड. पण ब्रँड पल्प विकत घेतच नाही! पल्प घेतो व्हिस्कोस बनवणारा कारखाना. त्याच्याकडून तंतू घेते सूतगिरणी, तिच्याकडून सूत घेतो कापडवाला, मग शिवणारा आणि सगळ्यात शेवटी ब्रँड. मधल्या प्रत्येकाला नवा माल वापरायचा म्हणजे थोडा जादा भाव, थोड्या चाचण्या, थोडी कटकट. हे जादा पैसे कोण सोसणार, हे ठरलेलं नव्हतं. होकार एका टोकाला आणि पैशाचं पाकीट दुसऱ्या टोकाला. जून २०२४ मध्ये आल्टर नावाच्या गुंतवणूक कंपनीने ती विकत घेतली आणि आता तिचं नावच सर्क्युलोज केलंय. बघू काय होतं ते. पण पहिल्या गुंतवणूकदारांचे पैसे गेले.

हे वाचताना मला माझाच जुना उद्योग आठवतो. वीस वर्षांपूर्वी मी कापडी पिशव्या शिवून घेतल्या होत्या, चार हजार. बाजारपेठेतल्या तीस-पस्तीस दुकानदारांनी "हो हो, आणा की, प्लास्टिक बंद झालंच पाहिजे" असं म्हटलं होतं. पिशव्या घेऊन गेलो तर एकाने बारा घेतल्या, त्याही उधारीवर. बाकीच्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक पिशवीचे पैसे देत नाही. त्यांनी मला खोटं सांगितलं नव्हतं. मी चुकीचा प्रश्न विचारला होता. "आवडेल का?" असं विचारलं, "किती नग, कोणत्या भावाने, पैसे कधी?" असं विचारलं नाही. उरलेल्या पिशव्यांतून आमच्या घरी अजून भाजी येते.

तिरुप्पूरने पाण्याचं काय केलं

प्रत्येक बदल गिऱ्हाइकामुळेच होतो असंही नाही. कधी कोर्टामुळे होतो. तमिळनाडूतलं तिरुप्पूर म्हणजे होजिअरीची राजधानी. बनियन, टी-शर्ट, लहान मुलांचे कपडे. तिथल्या रंगाई कारखान्यांचं खारट, रंगीत पाणी नोय्यल नदीत जायचं. खाली ओरथुपलायम धरण शेतीसाठी बांधलं होतं, ते या पाण्याने भरलं. शेतकरी कोर्टात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने आधी मुदती दिल्या, सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही असं बजावलं आणि शेवटी जानेवारी २०११ मध्ये रंगाई आणि ब्लीचिंगचे कारखाने बंद करायला लावले. सुमारे ७०० कारखाने एका फटक्यात बंद.

कल्पना करा, तुमचं कर्ज चालू आहे, निर्यातीची ऑर्डर हातात आहे आणि वीज तोडली. पुष्कळ लहान माणसं त्यात संपली, हे विसरू नका. जे टिकले त्यांनी एकट्याने काही केलं नाही. पाणी शुद्ध करायचं सामायिक केंद्र चालवायचं, प्रत्येकाने आपला वाटा द्यायचा. आरओ लावून पाणी परत वापरायचं, उरलेलं खारं पाणी आटवून मीठ वेगळं काढायचं आणि तेच मीठ पुन्हा रंगाईत. खर्च प्रचंड, वीज प्रचंड. पण आज परदेशी खरेदीदार जेव्हा विचारतो की तुमच्या रंगाच्या पाण्याचं काय करता, तेव्हा तिरुप्पूरकडे उत्तर तयार असतं. निर्यात आज वर्षाला ३० हजार कोटींच्या पुढे आहे. इचलकरंजी आणि सोलापूरच्या प्रोसेसवाल्यांनी ही गोष्ट जास्त बारकाईने बघावी असं मला वाटतं, कारण आपल्याही नद्या काही मुक्या नाहीत.

पाण्याशिवाय रंगवायचं तंत्रही आलंय. नेदरलँड्समधली डायकू कंपनी कार्बन डायऑक्साइड दाबाखाली ठेवून त्यात पॉलिस्टर रंगवते. छान आहे. मशीनच्या किमती बघितल्यात तर आपल्यासारख्यांनी लांबूनच नमस्कार करावा. पुढे चला.

आता प्रश्न येतो, युरोपात एवढा बदल होतोय तर आपल्याला त्यातून काही मिळेल का? मिळेल, पण कागद लागेल. युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून जुनं कापड इतर कचऱ्यापासून वेगळं गोळा करणं सक्तीचं झालंय. न विकलेले कपडे नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना जुलै २०२६ पासून बंदी आहे. म्हणजे मोठा ब्रँड विचारणार की माल पुनर्वापराचा असेल तर दाखवा. त्यासाठी जीआरएस नावाचं प्रमाणपत्र चालतं. मालावर त्याचं चिन्ह लावायचं तर किमान ५० टक्के माल पुनर्वापराचा लागतो. यात लहान माणसाला एक सोय आहे. प्रमाणपत्राची साखळी रिसायकल करणाऱ्यापासून सुरू होते. चिंध्या गोळा करून निवडणाऱ्याकडून बहुतेक वेळा लेखी घोषणापत्र आणि मालाची नोंद मागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, कुठून आणलं, किती किलो, कुणाला दिलं. नियम बदलत असतात, तेव्हा ज्या गिरणीला माल देणार तिला आज काय लागतं ते विचारा. आणि खोटं लिहू नका. २०२० मध्ये भारतातून सेंद्रिय म्हणून दाखवलेल्या सुमारे २० हजार टन कापसाचे कागद खोटे निघाले, जीओटीएस या संस्थेनेच ते पकडलं. काही जणांनी कागद खोटे केले आणि खरे सेंद्रिय कापूस पिकवणारे शेतकरी संशयाच्या भोवऱ्यात आले.

अजून एक गैरसमज झटकून टाका. बाजारात मिळणारा 'रिसायकल्ड पॉलिस्टर' हा बहुतांश जुन्या बाटल्यांचा असतो, जुन्या कपड्यांचा नाही. कपड्यापासून पुन्हा कपडा होण्याचं प्रमाण जगात १ टक्क्याहूनही कमी आहे, असा एलेन मॅकआर्थर फाउंडेशनचा २०१७ चा अहवाल सांगतो. इतकं कमी का? कारण कपड्यात सगळं मिसळलेलं असतं. सुतात पॉलिस्टर, त्यात लायक्रा, वर प्लास्टिकची छपाई, मध्ये चेन. म्हणजे आपण परत त्या बोहारणीपाशी आलो. वेगळं करता येईल तेवढाच धंदा.

आता तुमचं पोतं

ताईंना मी सांगितलं, "टोकन पुढच्या सोमवारी द्या. या आठवड्यात एक पोतं विकत आणा आणि अंगणात ओता."

तुम्हीही तेच करा. मग काडेपेटी घ्या. प्रत्येक प्रकारच्या चिंधीतून दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. शेजारी पाण्याची वाटी ठेवा, पोत्यापासून लांब करा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा, आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतो, वितळतो, काळा धूर देतो आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. मिश्र कापड असेल तर जळतंही आणि मणीही उरतो. बोहारणीच्या बोटांइतकी अचूक परीक्षा नाही ही, पण पहिल्या दिवसाला पुरते.

ताईंनी संध्याकाळी फोन केला. "सर, सगळं वितळतंय हो."

वितळणारच. शाळेच्या आणि कंपन्यांच्या युनिफॉर्मचं कापड बहुतेक टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं. मशीनवाल्याने त्यांना जो व्हिडिओ दाखवला त्यात पांढरी सुती होजिअरी होती. मशीन खोटं नव्हतं, टेरीकॉटही ते फाडेल. पण निघणारा मिश्र तंतू उशीत, गादीत भरायच्या कामाचा, त्याचा भाव वेगळा, आणि ज्या सुताचं स्वप्न त्यांना दाखवलं ते त्यातून निघणार नव्हतं.

आता हिशेब बघा. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका. समजा १०० किलो सरमिसळ कतरण २० रुपयांनी आणली, २००० रुपये. टेम्पो ३००, निवडायची मजुरी ४००. झाले २७००. निवडल्यावर ५५ किलो चांगली सुती, एकरंगी निघाली, ४५ रुपयांनी गेली, २४७५ आले. ३० किलो मिश्र १० रुपयांनी, ३०० आले. १५ किलो कचरा. एकूण २७७५. दिवसभर राबून सुटले ७५ रुपये.

आता कटिंग मास्टरला चहा पाजून विनंती करा की दादा, टेबलाखाली दोन पोती ठेवा, पांढरं एकात आणि रंगीत दुसऱ्यात, फरशीवरचा केर त्यात लोटू नका. एवढ्याने चांगला माल ५५ चा ७० किलो झाला, मिश्र २० आणि कचरा १० असं धरा. ३१५० अधिक २००, झाले ३३५०. त्याच खर्चात सुटले ६५० रुपये. एका चहाने आणि एका जादा पोत्याने नफा आठपटीहून जास्त झाला.

आणि मशीन? साडेअकरा लाखांचं पूर्ण कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं, असं धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण २५ हजार. मशीनमुळे किलोमागे साडेसहा रुपये जादा सुटले असं मानलं तरी फक्त हप्त्यासाठी महिन्याला जवळपास चार टन माल लागेल. एका रंगाचा, सुती, निवडलेला चार टन. वीज, माणूस, शेडचं भाडं वेगळंच. तुमच्याकडे आज चार टन येतोय का? येत असेल आणि घेणाऱ्याने भाव कागदावर दिला असेल, तर मशीन जरूर घ्या, मी नारळ घेऊन येतो.

माल कुणाला द्यायचा हेही शोधायला लांब जायला लागत नाही. गॅरेजमध्ये, वर्कशॉपमध्ये तेलाचे हात आणि मशीन पुसायला सुती चिंध्या लागतात, किलोवर घेतात. जरा मोठे तुकडे असतील तर पायपुसणी, गोधडी. पांढरी होजिअरी साठवून टनांत देता आली तर ओपन-एंड सूतगिरण्या घेतात, त्यात नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळून सूत काढतात. प्रत्येकाकडे पाच किलोचा नमुना घेऊन जा आणि मी वीस वर्षांपूर्वी जे विचारलं नाही ते विचारा. किती, कोणत्या भावाने, पैसे कधी.

ताईंनी टोकन दिलं नाही. युनिफॉर्मवाल्याला सोडून त्या टॉवेलच्या कारखान्याकडे गेल्या, तिथल्या कडांच्या पट्ट्या आणि डाग पडलेले तुकडे सुती होते. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपने पुसायला माल घेतो म्हणून सांगितलं. पहिल्या खेपेला ४० किलो पाठवले, त्यातले सहा किलो परत आले. मध्ये टेरीकॉटचे तुकडे मिसळले होते आणि ते तेल शोषत नाहीत. चूक कुठे झाली ते शोधलं तेव्हा कळलं की निवड रात्री जेवणानंतर चालायची आणि ट्यूबलाइटखाली दोन्ही पांढरी कापडं सारखीच दिसायची. आता निवड सकाळी अंगणात होते. सासूबाई हाताला लागताच टेरीकॉट ओळखतात, त्यांना काडेपेटी लागत नाही. दुसऱ्या खेपेचं काही परत आलं नाही, आणि वर्कशॉपने महिन्याला किती देऊ शकाल असं विचारलंय.

मशीनवाल्याचा फोन अजून येतो. ताईंनी त्याला सांगितलंय, आमचं एक पोतं पाठवते, ते तुमच्या मशीनवर चालवून त्याच्या कापसाचा नमुना आणि घेणाऱ्याचा पत्ता पाठवा. उत्तर यायचंय.